डोंगर वाचणारा शेजारी

आयर्लंडमध्ये ट्रलीला आमच्या शेजारी राहणारे नॉर्वेजियन गृहस्थ समुद्रावर आले, तरी पाण्याकडे पाठ करून मागचा डोंगर न्याहाळतात. त्यांचं गाव फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत खोल शिरलेल्या समुद्राच्या काठी होतं. आजोबांच्या काळी तिथला कडा पाण्यात कोसळला आणि लाटेनं समोरची वस्ती धुऊन नेली. पुढे गावाची चिमुकली पालिका शेजारच्या पालिकेत विलीन झाली आणि नकाशावरून नावही गेलं.

गेल्या रविवारी ओहोटी होती. माझी मुलगी शिंपले वेचत होती, मी टॉवेल, सुके कपडे, डबे असं क्रमानं मांडत होते. एकाएकी जवळच उभ्या असलेल्या शेजाऱ्यांनी तिला उचललं आणि वाळूच्या टेकाडावर नेऊन बसवलं. मी धापा टाकत मागे गेले.

"काय झालं?"

"डोंगरावरचे पक्षी एकदम उठले."

"हा डोंगर कुठे पडतोय? सगळं ठीक आहे, ग्रँड."

"हो. आमच्याकडेही असंच म्हणायचे."

मुलगी रडली नाही. मी समोर असताना तिनं त्यांनाच विचारलं, "इज इट कमिंग?"

त्यांनी बराच वेळ वर पाहिलं.

"नॉट टुडे."

मगच ती माझा हात धरून खाली उतरली.