बिब्बा फोडणारे हात

अहेरीच्या आठवडी बाजारात ती बिब्बे फोडून आतली गोडंबी विकायची. बिब्ब्याच्या तेलाने अंगावर फोड येतात. त्यावर संशोधन करायला नागपूरहून आमचे डॉक्टरसाहेब आले होते आणि त्यांची पेटी धरायला मी. तिच्या हातांवर एकही फोड नव्हता, म्हणून साहेब भलतेच नाराज झाले.

नवरीला हळद लावावी तसं कोपरापर्यंत जवसाचं तेल चोळत ती म्हणाली, "आधी हे लावा लागते."

साहेबांनी ते वहीत सुवाच्य अक्षरात टिपलं आणि कोरड्या हातांनी बिब्बा फोडला.

पुढच्या बाजारी त्यांचे टरारलेले हात तिने उलटसुलट करून पाहिले. "लिवलं होतं ना, साहेब? मंग लावलं काऊन नाई?"

साहेबांच्या शोधनिबंधात त्यांच्याच त्या फोड आलेल्या हातांचा, मी काढलेला फोटो आहे. खाली छापलंय: 'अशिक्षित मजूर, अहेरी.'