हवेच्या नळ्या
नारायण पेठेतल्या पंक्चरवाल्याने ट्यूब पाण्यात बुडवली आणि ओल्या रबराच्या वासाने मला पुन्हा त्या नदीकाठी नेऊन उभं केलं. आदल्या संध्याकाळी पोहायला उतरलेला माझा धाकटा भाऊ वर आलाच नव्हता. सकाळी पाणबुड्या आला, त्याने हवेच्या नळ्या सतरंजीवर पसरल्या आणि एकेक नळी जोडापाशी वाकवून कुठे चीर आहे का ते बघत बसला. भावाची चप्पल हातात घेऊन शेजारी बसलेले बाबा अखेर म्हणाले, "अहो, जरा लवकर करा, तो पाण्यात आहे." मान वर न करता पाणबुड्या म्हणाला, "काका, मला परत वर यायचंय." बाबांनी चप्पल हळूच खाली ठेवली. आज मला ऑफिसला उशीर होतोय, पण पंक्चरवाल्याला लवकर करा म्हणायला तोंड उघडत नाही.