मुलींच्या पाण्याच्या बाटल्या आणि ढवळे मॅडम

शाळेच्या फाटकातून आत शिरत होते, तेवढ्यात फोन आला. "मावशी, आई गेली…" ढवळे मॅडमची लेक एवढंच म्हणाली. मी तशीच वर्गात गेले. आता महिना उलटून गेलाय आणि मॅडमविषयी लिहायला बसले, तर रडू येण्याआधी हसूच येतंय.

शालिनी ढवळे म्हणजे छत्रपती संभाजीनगरात आम्हा शिक्षकांना सांख्यिकी कशी शिकवायची हे शिकवणाऱ्या बाई. मी लासूर स्टेशनच्या शाळेत मराठीची शिक्षिका. गणिताची जागा रिकामी झाली आणि तो विषय माझ्या गळ्यात पडला. बीजगणितातलं हे शेवटचं प्रकरण मी सूत्रं लिहून उरकायची. प्रशिक्षणालाही हजेरीपुरतीच गेले होते. मॅडमनी आम्हाला थेट मैदानात काढलं. "घरून शाळेत यायला ज्याला कमी वेळ लागतो तो इकडं, जास्त लागतो तो तिकडं. करा रांग!" भर उन्हात पन्नाशीतले गुरुजी एकमेकांना विचारत, ढकलत उभे राहिले. सगळ्यात लांबून येणारे म्हणून टोकाला अजिंठ्याचे पठाण सर आणि बरोबर मधोमध मी. "हा बघा आपला मध्यक!" माझा हात वर करून मॅडम ओरडल्या. मग पठाण सरांना म्हणाल्या, "समजा, तुमची बदली अजून लांब झाली. सरका!" सर सरकत सरकत कुंपणाला टेकले. "और कित्ता दूर भेजते मॅडम, घरवाली छोड देंगी!" सगळे खो-खो हसले. "सरासरी वाढली. पण ही मधली हलली का?" मॅडमनी विचारलं. नव्हते हलले! फळ्यावर कितीदा तरी लिहिलेली व्याख्या त्या दिवशी मला पायांतून कळली.

जेवणानंतर एक सर म्हणाले, "परीक्षेला येणारी गणितं तेवढी सांगा ना." मॅडम म्हणाल्या, "गणितं सुटतील हो. पण काय मोजायचं, ते पोरांना ठरवू द्या की."

मी परत येऊन नववीला विचारलं. पूजा नावाची मुलगी म्हणाली, "कोण किती पाणी पितं, ते मोजू." आठवडाभर सगळ्यांनी बाटल्या मापानं भरल्या, शाळा सुटताना उरलेलं पाणी मोजलं. स्तंभालेख काढला. मुलांचे स्तंभ उंच, मुलींचे जमिनीला चिकटलेले. "आम्ही पीतच नाय," पूजा हळूच म्हणाली. "पिलं की जावं लागतं… अन् मुलींच्या बाथरूमला कुलूप असतं."

मॅडमना फोन केला, तर दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं त्या लासूरला हजर! मी आलेख घेऊन मुख्याध्यापकांकडे निघाले, तर मॅडमनी मला अडवलं. "तू नको. पूजा सांगंल."

"घाण होते म्हणून कुलूप लावतो," मुख्याध्यापक म्हणाले.

"व्हय सर," पूजा म्हणाली, "पण त्यापायी आम्ही दिवसभर तहानलेल्या ऱ्हातो. हे बघा."

सरांनी आलेख हातात घेऊन पाहिला आणि खणातून किल्ली काढली. मी मॅडमना मिठीच मारली. "थांब गं! कुलूप उघडल्यानं काय झालं, ते कसं कळंल? परत मोजा!" परत मोजलं. मुलींचे स्तंभ चढले होते! हे फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडून "लई भारी!" अशी आरोळी आली, की शिक्षक खोलीतल्या सगळ्यांनी माना वळवल्या.

शेवटची भेट दवाखान्यात. आवाज खोल गेला होता. मी तब्येत विचारायच्या आत त्यांनीच विचारलं, "पुढचं प्रशिक्षण कोण घेणार?"

"तुम्हीच. बऱ्या झाल्यावर."

"नाय गं. तू."

"मी मराठीची बाई, मॅडम…"

"म्हणूनच. उत्तराआधी तुला माणूस ऐकू येतो."

गेल्या आठवड्यात मी ते प्रशिक्षण घेतलं. क्रांती चौकाजवळच्या सभागृहात शिरले, तर सगळी बाकं भिंतीला सरकवलेली आणि मधली फरशी मोकळी. शिपाई शेख मामा म्हणाले, "मॅडम आल्या की पहिलं हेच करायला लावायच्या. आता न सांगता हात चालतात." तेवढ्यात एक तरुण शिक्षिका आत आली आणि बावरून बघू लागली. "मॅडम, बसायचं कुठं?"

मी पदर खोचला. "बसायचं? आज बसायला सवडच मिळणार नाही!"