पंच्याऐंशी सेंटिमीटर

मूल वजनकाट्यावर ठेवण्याआधी पुष्पावती गर्जे त्याच्या अंगावरचं सगळं उतरवते. पायातले वाळे, गळ्यातला ताईत, कमरेचा करदोडा. एखादी आजी करदोडा सोडू देत नाही. त्यासाठी पुष्पावतीनं कपाटात एक कोरा करदोडा ठेवला आहे. त्याचं वजन तिला पाठ आहे आणि तेवढे ग्रॅम ती वजा करते.

पाथर्डी तालुक्याच्या पूर्वेला, डोंगराच्या कडेला, जिथं बाजरीचाही भरवसा नसतो, तिथं गर्जेवस्तीच्या अंगणवाडीत ती बावीस वर्षं सेविका आहे. वय सत्तेचाळीस. बारावीला गणितात वर्गात पहिली होती. निकालाच्या आधी लग्न झालं, त्यामुळे निकाल सासरी कळला. नवरा आसाराम टेम्पो चालवतो. दोन्ही मुली पुण्याला. वस्तीवर कुणाचा जन्म कोणत्या वारी झाला यावर वाद झाला, तर लोक पुष्पावतीला विचारतात आणि तिथं वाद संपतो.

पहिली चौदा वर्षं अकरा वह्या होत्या. चूक झाली की आडवी रेघ मारायची आणि बाजूला सही करायची, अशी रीत होती. मग मोबाईल आला. त्याच्यासाठी तालुक्याला तीन दिवस प्रशिक्षण झालं. शिकवायला पर्यवेक्षिका प्रणिता जोशी होत्या. त्या नगरच्या, वय चौतीस, संगणकाची पदवी घेऊन परीक्षेतून नोकरीला लागलेल्या. त्यांनी फळ्यावर नुसता एक्क्याऐंशी लिहिला आणि विचारलं, "यावरून काय कळलं?"

मग उत्तरही त्यांनीच दिलं.

"काहीच नाही. एक्क्याऐंशी पोती का एक्क्याऐंशी पोरं, तेही कळत नाही. नुसता आकडा म्हणजे बाजरी. कुणाची उंची, किती वयाची, कधी मोजली, हे त्याला जोडलं की झाली माहिती. म्हणजे भाकरी. आणि तुम्ही, मी, हा मोबाईल, तिकडं मोठा कॉम्प्युटर, हे सगळं मिळून चूल, तवा, परात. त्याला म्हणायचं माहिती प्रणाली."

"आन खानार कोन, मॅडम?" मागून एकीनं विचारलं. हॉल हसला. प्रणिता मॅडमही हसल्या.

"ज्याला निर्णय घ्यायचाय तो खाणार."

पुष्पावतीनं हात वर केला. "बाजरीत खडे निघाले तर?"

"ते दळायच्या आधी निवडायचे, पुष्पाताई. पिठातून निवडता येत नाहीत."

पुष्पावतीनं ते वहीत लिहून घेतलं.

तिच्या अंगणवाडीच्या पटावर एक्केचाळीस पोरं आहेत. दसरा झाला की त्यातली चौदा आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात आणि गुढीपाडव्याच्या पुढंमागं परततात. अशा पोरांची नोंद मोबाईलमध्ये 'स्थलांतरित' अशी करायची असते. आदल्या वर्षी तिनं ती नियमाप्रमाणे केली. पोरं परतल्यावर नावं पुन्हा चढवायला बापाच्या मोबाईलवर येणारा नंबर लागायचा. तिघांच्या बापांनी कारखान्यावर सिमकार्ड बदललं होतं. त्या तीन पोरांचा आहार पावसाळा संपेपर्यंत आला नाही. त्यांच्या आया रोज दाराशी यायच्या. मोबाईल मानत नाही, हे पुष्पावती त्यांना रोज सांगायची.

म्हणून या वेळी तिनं चौदाही नावं गावातच ठेवली. आहाराची पाकिटं आज्या घेऊन जात. राहिला प्रश्न मोजणीचा. पंचवीस तारखेपर्यंत सगळ्या पोरांची उंची-वजनं भरायची असतात, आणि सव्वीसला सकाळी व्हॉट्सअॅपच्या गटावर यादी पडते. नोव्हेंबरात गर्जेवस्तीपुढं सहासष्ट टक्के होते, तांबड्या अक्षरात. बावीस वर्षांत तिचं नाव कुठल्या तांबड्या यादीत आलं नव्हतं. शेजारच्या वस्तीच्या सेविकेनं खाली रडका चेहरा टाकला.

प्रणिता मॅडमचा फोन आला. "दोन दिवस वाढवून मिळालेत, पुष्पाताई. बघा काही होतंय का."

त्या दुपारी पुष्पावतीनं चौदा पोरांची वाढ मनानं भरली. वाढीचे तक्ते तिला तोंडपाठ होते. कुणाला आठ मिलिमीटर, कुणाला एक सेंटिमीटर. सगळ्यांना सारखं टाकलं तर डोळ्यावर येतं, हेही तिला कळत होतं. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, मार्च तिनं असंच केलं. तिचे आकडे खऱ्या आकड्यांपेक्षा नीटनेटके होते. तालुक्याच्या बैठकीत गर्जेवस्तीला टाळ्या मिळाल्या.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात टोळ्या परतल्या. अयोध्या नावाची बावीस-तेवीस वर्षांची बाई आपली मुलगी रेणुका हिला घेऊन मोजणीला आली. रेणुका अडीच वर्षांची. ऑक्टोबरात ती ऐंशी सेंटिमीटर आणि नऊ किलो आठशे होती. मोबाईलमध्ये आता ती पंच्याऐंशी सेंटिमीटर आणि अकरा किलो झाली होती.

पुष्पावतीनं वाळे उतरवले. ते आपोआपच उतरले. काटा सात किलो नऊशे दाखवत होता. तिनं पोरीला उचललं, काटा शून्यावर आणला, पुन्हा ठेवलं. सात नऊशे. उंची एक्क्याऐंशी पूर्णांक सहा.

मदतनीस इंदू मोबाईल धरून बसली होती. तिनं उंची टाकली आणि वाचून दाखवलं, "उंची मागील महिन्यापेक्षा कमी असू शकत नाही. कृपया पुन्हा मोजा."

नियमात चूक नव्हती. पोरं आखूड होत नाहीत.

"ऱ्हाऊ दे," पुष्पावती म्हणाली. मग अयोध्येला विचारलं, "आजारी हुती का गं?"

"संक्रांतीला लई हागवन लागली हुती. मग पुन्यांदा शिमग्याला. खातच न्हवती."

"मग दवाखान्यात न्हाई नेली?"

"नेनार हुते की." अयोध्येनं कनवटीचा छोटा मोबाईल काढला. "आमचं मालक म्हनले, एक खाडा झाला तर झाला, जा घिऊन. पन त्याच दिशी ह्ये आलं."

तिनं मेसेज उघडून पुढं धरला. तिला वाचता येत नव्हतं; कारखान्यावर पाचटाच्या कोपीत राहताना शेजारच्या पोरानं वाचून दाखवला होता. आपली मुलगी रेणुका हिचे वजन १० किलो ५०० ग्रॅम आहे, तिची वाढ सर्वसाधारण आहे, अभिनंदन.

पुष्पावतीनं आकडा भरला की असा मेसेज आईच्या मोबाईलवर आपोआप जातो, हे तिला प्रशिक्षणात सांगितलं होतं. ती विसरली नव्हती. तो मेसेज कोपीत कुणी वाचेल, हे मात्र तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

"मी तर तुला तिथं मोजलं न्हाई," ती म्हणाली. "मग खरं कसं वाटलं?"

"मला वाटलं, सरकार कुटूनबी बघत आसंल. आधार हाय न्हवं पोरीचं." अयोध्येनं मोबाईल परत कनवटीला लावला. "आन तुमी कवा चुकता का, बाई?"

तालुक्याच्या दवाखान्यात अशा मुलांसाठी एक खोली आहे; पंधरा दिवस आईसकट ठेवून घेतात, मोजून खायला घालतात. तिथली चिठ्ठी मोबाईलमधूनच निघते. वजन भरलं, मूल 'तीव्र कुपोषित' या तांबड्या रंगात गेलं, की चिठ्ठी तयार होते. हातानं लिहिलेली चालत नाही. रेणुका मोबाईलमध्ये हिरवी होती.

गुरुवारी प्रणिता मॅडम भेटीला आल्या, तेव्हा पुष्पावतीनं सगळं सांगितलं. इंदू चहा ठेवायच्या निमित्तानं बाहेर गेली आणि दाराआड उभी राहिली.

"मला वाटलंच होतं," प्रणिता मॅडम म्हणाल्या. "चौदा पोरं कारखान्यावर, आणि भरणा शंभर टक्के. पण मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही खरं सांगितलं असतं."

"उंची तेवढी दुरुस्त करा, मॅडम."

"माझ्या लॉगिनला तो अधिकार नाही."

"मग कुनाच्या हाय?"

"मला माहीत नाही. खरंच माहीत नाही, पुष्पाताई. पुण्याला असेल, दिल्लीला असेल. कदाचित कुणालाच नसेल."

"मग उंची ऱ्हाऊ दे, वजन हाय तसं सात नऊशे भरते. तांबडी तरी हुईल."

"एका महिन्यात तीन किलो शंभर ग्रॅम कमी? लगेच चौकशी लागेल. डॉक्टर येतील, पट्टी लावतील आणि म्हणतील, ही पंच्याऐंशी कुठं आहे? मग एकीवर थांबणार नाही. चौदाही निघतील. तुमची सेवा संपली. आणि दर महिन्याच्या भरण्याला मंजुरी माझी आहे."

प्रणिता मॅडमनी पिशवीतून कागद काढला आणि एकाखाली एक तीन आकडे लिहिले. एप्रिल दहा किलो. मे नऊ. जून आठ.

"असं उतरवत न्या. जूनमध्ये ती आपोआप तांबडी होईल. हळूहळू घट दिसली की कुणी विचारत नाही."

"आन तवर पोरगी?"

"तोवर अंडी, केळी, दूध बघा. मीही देते काहीतरी."

त्या गेल्यावर इंदू आत आली. "मॅडम बरुबर बोलल्या. बाई, गप ऱ्हावा. तुमच्या मागं माझंबी जाईल."

"तुला बढती मिळंल. माझ्या खुर्चीत बसशील."

"मला ती खुर्ची नगं. तिला मोबाईल लटकलाय." इंदूनं चहाचे कप उचलले. "पन तीन म्हैन्यांत पोरगी गेली, तर त्येबी मोबाईलात भरावं लागंल का?"

घरी पुष्पावतीनं आसारामला सांगितलं, तर तो म्हणाला, "बावीस वर्स घासली तू तितं." यात कर म्हणतोय की नको म्हणतोय, हे तिला समजलं नाही, आणि तिनं विचारलंही नाही.

शुक्रवारी तिनं अंडी पाठवली. शनिवारी अयोध्या सांगत आली की पोरीच्या पोटात काही ठरत नाही, आणि चिठ्ठी कधी मिळणार. सोमवारीही हेच विचारत आली. पोरीच्या पायांवर थोडी सूज होती. पुष्पावतीनं बोटानं दाबून पाहिलं. खड्डा पडला आणि भरायला वेळ लागला.

तिनं खुर्ची ओढली आणि मोबाईल घेतला. उंची पंच्याऐंशी ठेवली, कारण दुसरं काही चालत नव्हतं. वजन सात किलो नऊशे भरलं. मोबाईलनं विचारलं, आपल्याला खात्री आहे का? तिनं 'होय' दाबलं. चौकट तांबडी झाली आणि चिठ्ठी निघाली. अयोध्येला तिनं आसारामच्या टेम्पोतून दवाखान्यात पाठवलं. मग कोऱ्या कागदावर प्रकल्प अधिकाऱ्यांना अर्ज लिहिला: डिसेंबर ते मार्च मी चौदा मुलांची उंची व वजन न मोजता भरले आहे, एप्रिलमध्ये खरी मोजमापे घेतली, ती सोबत जोडली आहेत, नोंदी दुरुस्त कराव्यात. नोव्हेंबरचे आकडे वाढवून मिळालेल्या दोन दिवसांत भरले होते, हे लिहायचं राहिलं. रात्र व्हायच्या आत तिनं ते समासात घातलं आणि बाजूला सही केली.

प्रणिता मॅडमना तिनं फोन करून कळवलं. तिकडून "ठीक आहे" एवढंच आलं आणि फोन ठेवला गेला. जुलैत त्यांची बदली अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या वरच्या पाड्यांवर झाली. ती या कारणानं झाली की वेळेनुसार, हे कुणाला ठाऊक नाही.

रेणुका सोळा दिवसांनी परतली, आठ किलो सातशे होऊन. पुष्पावतीला कारणे दाखवा नोटीस आली. तिनं सात दिवसांत खुलासा दिला. त्यावर निर्णय झालेला नाही. तोवर ती कामावर आहे, कारण गर्जेवस्तीवर यायला दुसरं कुणी तयार नाही. दुरुस्तीच्या अर्जाचं उत्तर मात्र आलं, दीड ओळीचं. सदर बदल करण्याची सुविधा प्रणालीत उपलब्ध नाही, तरी नियमित भरणा चालू ठेवावा.

म्हणजे खोटी उंची तशीच आहे. रेणुकेच्या नावापुढं दर महिन्याला पंच्याऐंशीच भरावे लागतात, त्याहून कमी चालत नाही. तीन महिने उंची वाढली नाही म्हणून आता मोबाईल कारण विचारतो. आजार, आहार, इतर. 'इतर' दाबलं तर लिहायला जागा उघडत नाही. बाकी तेरांपैकी आठ पोरांनी आपापले आकडे गाठले आहेत. पाच अजून खाली आहेत.

ऑगस्टच्या मोजणीला अयोध्या पोरीला घेऊन आली. पुष्पावतीनं तिला पट्टीला टेकवून उभं केलं, टाचा मागं सरकवल्या, हनुवटी सरळ केली.

"ब्याऐंशी पूर्णांक सात."

इंदू मोबाईल धरून बसली होती. "काय टाकू?"

"पंच्याऐंशी टाक."

"पोरगी कवा गाठायची त्याला?"

पुष्पावतीनं मनातल्या मनात हिशेब केला. "हितं ऱ्हायली तर डिसेंबरात."

दाराशी उभ्या अयोध्येनं ते ऐकलं. "आमाला तर दसऱ्याला जायाचंय, बाई," ती म्हणाली. "टोळीचा मुकादम काल घरी येऊन गेला."