खंडेनवमीचं कॅबिनेट
कापलेल्या पत्र्याचा वास आला की मला ती खंडेनवमी आठवते. पहिल्याच गिऱ्हाइकाच्या लग्नाचा व्हिडिओ एडिट करताना माझा कॉम्प्युटर तापून सारखा बंद पडत होता. जादा पंख्यांसाठी वाटीएवढी दोन भोकं पाडायला मी त्याचं रिकामं कॅबिनेट घेऊन शाहूपुरीतल्या पत्राकाम करणाऱ्या मिस्त्रींकडे गेले, तर ड्रिलला झेंडूची माळ. "आज हत्यारं पुजल्यात, हात लावायचा न्हाय," ते म्हणाले. माझा चेहरा पडलेला बघून त्यांनी कॅबिनेट ओढून ड्रिलशेजारी मांडलं, त्याला कुंकू लावलं. "तुझ्या पोटापाण्याचं हाय, म्हंजे हेबी हत्यारच की. उद्या पयलं काम तुझंच!" दसऱ्याच्या सकाळी भोकं पडली, पंखे फिरले, व्हिडिओ पुरा झाला. आता माझ्याकडे चार कॉम्प्युटर आहेत. खंडेनवमीला ते बंद ठेवून पुजते, आणि घाईतल्या गिऱ्हाइकाला सांगते, "उद्या पहिलं काम तुमचंच."