अळीमारची हिरवीगार पानं

अळ्या वेचण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, म्हणून अख्खी प्रयोगशाळा त्याला अळीमार म्हणायची. औषधी झाडांच्या काचघरात बावीस वर्षं माळी. पगार तोकडा, ऐट मात्र मोठ्या साहेबाची. दारावरच्या पाटीवर सात साहेबांची नावं. ज्याच्या हातांनी झाडं जगली, त्याचं नाही. तो म्हणायचा, "पाटीला पाणी घालावं लागत नाही, म्हणून तिथं साहेब टिकतात."

यंदा ऐट उतरली. बायकोच्या पोटात गाठ निघाली. तिच्यावर ज्या नव्या औषधाची चाचणी चालली होती, ते त्याच्याच काचघरातल्या एका कडू झुडपाच्या पानांतून निघायचं. पहिल्या दोन खेपांनी गाठ आक्रसली होती. रानातली झुडपं कंपन्यांनी कधीच ओरबाडून संपवलेली. उरली ही चाळीस. तिसरी खेप त्यांच्यावरच.

एरवी पन्नास कामांच्या धबडग्यात पाच-दहा अळ्या सुटायच्याच. यंदा त्याने चाळीसही झुडपं तळहाताच्या फोडासारखी जपली. दुहेरी जाळी लावली, भिंगाने पानामागची अंडीसुद्धा टिपली.

"माझं डोकं कधी दाबलं नाहीत, आणि पानं पुसत बसता," बायको खाटेवरून टोमणा मारायची.

"तुझंच औषध पुसतोय गं."

पानं पंजाएवढी झाली. तोडणी झाली. आठव्या दिवशी रसायनवाल्या मॅडम स्वतः काचघरात आल्या.

"काका, पानांत औषधच नाहीये. जवळजवळ शून्य."

"असं कसं? असं पीक बावीस वर्षांत आलं नाही!"

"अळ्या होत्या?"

"एक दाखवा, मिशी उतरवतो."

मॅडम उपड्या बादलीवर बसल्या. "झाड ते आपल्यासाठी बनवत नाही, काका. अळीला मारायला बनवतं. लाखो वर्षांचं भांडण आहे. अळी एक विष पचवायला शिकली, की झाड दुसरं जहाल काढतं. आपण त्यातलं चिमूटभर उचलतो. कुणी चावतच नसेल, तर झाड कशाला कष्ट घेईल?"

"हे आधी कुणी सांगायचं?"

अहवालात सगळं लिहिलेलं होतं. काचघरापर्यंत चालत येऊन सांगावं, असं एकालाही वाटलं नव्हतं. माळ्याला काय कळतं!

"आता अळ्या सोडल्या तर?"

"नवी पानं येऊन कडू व्हायला चार महिने."

डॉक्टरांनी बायकोला दोनच दिले होते.

तरी भर दुपारी तो कुंपणापाशी गवतात रांगत अळ्या शोधत होता. ज्या बोटांनी हजारो चिरडल्या, त्याच बोटांनी एकेक उचलून उरल्यासुरल्या शेंड्यांवर ठेवत होता. "खा गं बाई, खा."

घरी बायको उठून बसली होती. "झाली तपासणी? कशी निघाली पानं?"

"हिरवीगार," तो चपला काढत म्हणाला.

"अळी नाही ना लागली?"

"एकही नाही."

"मग मला काय होतंय!" ती म्हणाली, आणि निर्धास्त आडवी झाली.