जोडावर बांधलेला धागा

तर झालं असं की आमच्या कॉलेजच्या रॉकेट क्लबमधून बाहेरच्या कॉम्पिटिशनला एकच टीम जाणार होती. सरांची अट साधी होती. कोल्ड्रिंकच्या बाटल्यांचं, पाणी आणि हवेच्या दाबावर उडणारं दोन टप्प्यांचं रॉकेट करा, वरची बाटली हवेत सुटली तर तुम्ही जाणार, नाहीतर दुसरी टीम. मला जायचंच होतं.

त्यात मी सॅटेलाइट सोडणाऱ्या सुरुवातीच्या रॉकेटांबद्दल वाचत सुटलेलो. आयडिया काय, तर रिकामी टाकी वर ओढत न्यायची नाही, वाटेतच टाकून द्यायची. पण वर हवा नसताना इंजिन पेटेल याची तेव्हा खात्री नव्हती, म्हणून रशियन लोकांनी बूस्टर बाजूला बांधले आणि सगळी इंजिनं जमिनीवरच पेटवली. अमेरिकन लोकांनी वरच्या टप्प्यांना छोट्या रॉकेटांचा जुडगा लावला आणि तो उडायच्या आधीपासून गरगर फिरवत ठेवला, म्हणजे एखादं कमीजास्त जळलं तरी दिशा बिघडत नाही. हे सगळं मी टीममधल्या माझ्या पार्टनरला टेस्टसाठी आपटा गावाला जाताना रिक्षातच सांगून टाकलं.

ती म्हणाली, "बरं. आपल्या दोन बाटल्यांचा जोड वर सुटेल ना, ते बघ."

आपट्याला तिच्या आत्याचं शेत आहे, टेस्ट तिथेच होती. सर आले. आम्ही सायकलचा पंप लावत होतो, तेवढ्यात आत्या हळदकुंकू, खोबरं आणि नाडाछडीचा धागा घेऊन आली.

"नवीन हाय ना? मंग पूजा नको? नवी गाडी तरी अशीच काढता का?"

सरांनीच आधी चपला काढल्या. आत्याने कुंकू लावलं आणि मधोमध, बरोबर जोडावर, धागा घट्ट गुंडाळून गाठ मारली. आम्ही तिघांनी हात जोडले.

रॉकेट सरळ वर गेलं. खालची बाटली रिकामी झाली. वरची सुटली नाही. दोन्ही एकत्रच वळल्या आणि बांधावर आपटून फुटल्या.

"सर, धाग्यामुळे झालं," मी म्हणालो.

"धागा पण तुमच्याच रॉकेटवर होता ना," सर म्हणाले आणि दुसऱ्या टीमला तिथूनच फोन लावला.

पूजा करून घरी परतलेल्या आत्याने अंगणातून विचारलं, "गेला का गो वर?"

"गेला आत्या," पार्टनर म्हणाली, "लय वर गेला."

आत्या खुश झाली, खोबरं वाटायला लागली. सरांनी दोनदा घेतलं.